मिसेस पार्किनचे कप

कुमुद,

परवा तुझ्या घरी मी चहा प्यायले. चांगला दोनदा भरून घेतला आणि वर तीन बिस्किटं खाल्ली.

तुला पोहोचवून आम्ही सगळे बेसिंगस्टोकच्या घरी परत आलो, आणि तुझी रूपा भला मोठा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली. बर्मिंगहॅमहून आलेल्या आपल्या मराठी मंडळातल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीने हात हलवला, 'नको गं बाळा.' दुसरीने हलवला, तिसरीने हलवला. माणूस गेलेल्या घरात चहापाणी घ्यायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आम्ही ते जन्मतःच घेऊन आलोय. रूपाला ते कुठून कळणार? तिच्या हिशेबाने एकदा विचारायचं आणि नको म्हटलं की पुढे जायचं. ती पुढे जात गेली आणि खोली संपली. भरलेले सगळे कप घेऊन पोरगी मधोमध उभी, आणि ट्रेवरच्या बशा हळूहळू वाजायला लागल्या.

मी कोपऱ्यातून म्हटलं, "रूपा, मला दे. आणि असल्या कपात नको. तुझ्या आईच्या कपाटात मागे निळ्या पट्ट्यांचा मग असेल, त्यात ओत."

"पण मावशी, तो मग ब्रोकन आहे," ती म्हणाली. "कडेला चिप गेलाय. गेस्टला कसं देऊ?"

"मी गेस्ट नाही. दे."

साठीला टेकलेल्या बाईला एवढी साधी गोष्ट कळू नये, असं मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या भुवयांनी मला सांगितलं. मी बिस्किट बुडवलं. ते तुटून मगात पडलं, नेहमीसारखं. तू असतीस तर चमचा पुढे केला असतास.

आता त्याच बाईंनी फोन करून मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण काय, पश्चात कोण, ते रूपाकडून घ्या म्हटलं. मला फक्त त्या मगाबद्दल लिहायचं आहे. आणि बुधवारांबद्दल. आणि आपल्या भांडणाबद्दल, जे तू अर्धवट टाकून गेलीस.

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करते, म्हणजे निदान विषय माझ्या माहितीतला राहील.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. म्हणजे पोरगीच. दोन्ही मुलं मोठी झाली होती, डॉक्टर हॉस्पिटलमध्ये, आणि बर्मिंगहॅममध्ये बारा वर्षं राहून मला एकच नाव पडलं होतं: डॉक्टरांच्या मिसेस. हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीत तेच, आपल्या गणपतीतही तेच. तेव्हा मी कॉलेजात सोशल स्टडीजच्या डिप्लोमाला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात तळघरातल्या नोटीस बोर्डावर एक कागद वाचला. वेन्सडे फेलोशिप. बुधवारी दुपारी कॉलेजला खेळासाठी सुट्टी असायची. ज्यांना खेळायचं नाही त्यांनी त्या दुपारी गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायचं, हातभार लावायचा. पूर्वी ही फेलोशिप फक्त मुलग्यांची होती. दोन वर्षांपूर्वी मुलींनी भांडून दार उघडून घेतलं होतं. आत घेतलं की एक छोटा पितळी बिल्ला मिळायचा आणि त्यावर आपलं नाव कोरलेलं असायचं. फक्त पहिलं नाव. मिसेस नाही, आडनाव नाही.

कुमुद, मला तो बिल्ला हवा होता. लोकांची सेवा वगैरे मी फॉर्मवर लिहिलं, पण मनात मी तो बिल्ला कोटावर कुठे लावायचा ते ठरवूनही टाकलं होतं. 'सुधा' एवढंच लिहिलेला. या देशात मला माझ्या नावाने कुणी आत घ्यावं, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. तुला न सांगताच कळलं होतं, ते वेगळं.

पहिल्या मीटिंगला मी काय नेसून गेले ते तू आयुष्यभर लोकांना सांगितलंस. हो, मोरपंखी पैठणी. सोबत दोन पानी भाषण, तोंडपाठ. आणि त्या तळघरात फाटक्या सोफ्यावर वीसबावीस पोरंपोरी एकमेकांच्या अंगावर रेलून बटाट्याचे क्रिस्प्स खात बसलेली. गॅरेथ म्हणून वेल्सचा मुलगा सेक्रेटरी होता, तो टेबलावर मांडी घालून बसला होता. माझं भाषण संपल्यावर तो म्हणाला, लव्हली, सुधा, त्या रेडिएटरजवळ जागा आहे बघ. मी वळले तर रेडिएटरजवळ तू. हिरवा कार्डिगन, पायात बूट, हातात क्रिस्प्सचं पाकीट. मंडळातली नागपूरची कुमुद. तू माझ्याकडे पाकीट पुढे केलंस आणि मराठीत विचारलंस, "लग्न कोणाचं आहे?"

मग सगळ्यांनी गोल उभं राहून हात धरायचे आणि शपथ म्हणायची होती. माझ्या दोन्ही बाजूंना मुलगे. मी दोघांच्या हातात कार्डिगनच्या बाह्यांची टोकं दिली. तुझाच कार्डिगन, तू घाईघाईने मला दिला होतास. त्या दोन बिचाऱ्यांनी बाह्या धरून शपथ घेतली. फेलोशिपमध्ये जोडी करायची ती शक्यतो एक मुलगा एक मुलगी अशी, म्हणजे दोघांनाही सगळी कामं करावी लागतात. मी गॅरेथला सांगितलं की मी विवाहित बाई आहे, मला जोडीला कुमुद द्या. गॅरेथने खांदे उडवले. घरी डॉक्टरांना मी सांगितलं, ग्रुप फक्त बायकांचा आहे. पहिल्याच महिन्यात गॅरेथचा फोन आला आणि तो डॉक्टरांनी उचलला. पुढे बरेच दिवस ते मला 'तुमच्या गॅरेथबाई' असं म्हणत होते.

फेलोशिपचा एक नियम होता आणि सगळं त्यावरच अडलं. बिल्ला द्यायचा की नाही हे गॅरेथ ठरवायचा नाही, आणि सभासदही ठरवायचे नाहीत. टर्म संपताना गॅरेथ त्या म्हाताऱ्या माणसाकडे एकटा जायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: यांनी परत आलेलं तुम्हाला हवंय का? एवढंच. काम किती केलं, कसं केलं, ते विचारायचंच नाही. हा नियम ऐकून मी मनात हसले होते. असं कोण म्हातारं असेल की ज्याला मी परत नको असेन?

तिचं नाव मिसेस पार्किन. बेअरवुडला एका लांबलचक ओळीतलं घर, पुढे दोन फूट बाग, आत अठ्ठ्याहत्तर वर्षांची ताठ बाई. मिस्टर पार्किन जाऊन नऊ वर्षं झालेली. आयुष्य बटणांच्या कारखान्यात गेलेलं आणि अजून एका डब्यात दोन शेर बटणं जपून ठेवलेली.

पहिल्या बुधवारी तिने दार उघडलं, आपल्याला आत घेतलं आणि विचारलं, चहा घेणार का. मी म्हटलं, नो थँक यू. अर्थात. पहिल्याच खेपेला हो म्हणायला मी काय स्टेशनवर बसले होते? आमच्याकडे पहिल्यांदा 'नको, कशाला त्रास.' दुसऱ्यांदा 'खरंच नको, आत्ताच झाला.' तिसऱ्यांदा मान थोडी वाकडी करून 'बरं, अर्धा कप.' एवढा साधा कार्यक्रम. मिसेस पार्किनने मान डोलावली आणि तुझ्याकडे वळली. तू म्हणालीस, येस प्लीज, टू शुगर्स. एवढी शिकलेली बाई, शाळेत मास्तरीण होती, आणि चहाला पहिल्या हाकेत ओ देते? मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले. मिसेस पार्किनने किटलीवर लोकरीची टोपी घातली. कार्यक्रम संपला.

मी उठले आणि ओव्हन घासायला घेतला.

ती सगळी टर्म तशीच गेली. तू खुर्चीत, पाय हीटरकडे, तिच्याबरोबर बटणं निवडत. शिंपल्याची एकीकडे, हाडाची एकीकडे, सैन्याच्या कोटांची तिसरीकडे. संध्याकाळी निघताना तू तीच बटणं परत डब्यात ओतायचीस. म्हणजे काम शून्य. आणि मी? मी ओव्हन घासला, जिना घासला, मोरी घासली, पडदे धुतले. पाचव्या बुधवारी तिचं स्वयंपाकघर नीट लावून दिलं: डाळी नव्हत्या म्हणून ओट्स, साखर, मैदा, सगळं एकसारख्या बरण्यांत, वर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. तिला त्यात मीठ सापडेनासं झालं हे मला नंतर कळलं. दर बुधवारी ती मला विचारायची, चहा? मी म्हणायचे, नो थँक यू. एकदाच. मग घशाला कोरड घेऊन तीन तास घासायचं आणि घरी जाऊन उभ्यानेच दोन कप रिचवायचे.

बसमध्ये मी तुझ्याकडे तक्रार केली, या लोकांना आग्रहच करता येत नाही. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुला आग्रह पाहिजे का चहा पाहिजे, ते ठरव नं बाई."

डिसेंबरात गॅरेथ तिच्याकडे जाऊन आला. आपल्याला तळघरात बोलावलं. तुला बिल्ला मिळाला. मग तो माझ्याकडे वळला आणि क्रिस्प्सचं पाकीट खाली ठेवलं, तेव्हाच मला कळलं.

"तिने काय म्हटलं तसंच सांगायचा नियम आहे," तो म्हणाला. "ती म्हणाली, दुसरी बाई फार स्वच्छ आहे. पण ती परत नको. ती माझ्या घरी चहा घेत नाही."

मी हसले, कारण वीसबावीस पोरं बघत होती. त्यांच्यासमोर तुझ्या कोटावर 'कुमुद' लावलं, टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग बसस्टॉपवर आल्यावर मला तोंड फुटलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, अंक लोकांच्या घरी जातो. सार एवढं की गोऱ्या म्हातारीला आपल्या रंगाची माणसं घरात नको असतात, चहाचं निमित्त. तू सगळं ऐकून घेतलंस. पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं, नुसती गार हवा होती आणि तुझ्या कोटावर नवा बिल्ला. शेवटी तू म्हणालीस,

"माझा रंग कोणता आहे, सुधा?"

मी बसच्या वेळापत्रकाकडे बघायला लागले.

"पहिल्या बुधवारी तिने रोजचा कप काढला. तू नको म्हणाली. दुसऱ्या बुधवारी फुलांचा काढला. मग बहिणीने दिलेला. मग लग्नातला, सोनेरी काठाचा, तो तिने सोडा घालून धुतला, मी बघत होती. ती कप काढून राहिली अन् तू मोरी घासून राहिली. तिला वाटलं, तिचे कप तुला चालत नाहीत. म्हणून तू सगळं घर घासते."

मला खरंच काही दिसलं नव्हतं. म्हणजे कप दिसले असतील, पण तीनदा न विचारलेल्या चहाचा कप मी कशाला बघू? मी तुझ्यावर उलटले. सगळं दिसत होतं तर सांगितलं का नाहीस? अख्खी टर्म बटणं निवडत बसलीस आणि एक शब्द नाही?

"सांगितल्यावर सगळेच पितात," तू म्हणालीस.

आणि मग, बस वळणावर दिसायला लागली तेव्हा, अगदी हळू: "माझ्याकडे आली होतीस तेव्हाही मी चांगला कप काढला होता. आठवतो?"

मी म्हटलं, मला नाही आठवत. बस आली. आपण चढलो. ते भांडण तिथे थांबलं ते कायमचं. तू पुढे सतरा वर्षं तो विषय काढला नाहीस. मी काढला नाही, कारण मी भित्री आहे, हे आता तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

ख्रिसमसची सुट्टी मी तणतणत काढली. कॉलेज सोडते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, सोड. त्याने मी इतकी चिडले की सोडायचं राहून गेलं. आणि त्या सुट्टीत एका सकाळी कपबशा विसळताना मला माझ्या आईच्या घरची मागची पडवी आठवली. तिथे फळीवर एक कप पालथा असायचा. टवका उडालेला, कान नसलेला. भांडी घासायला येणाऱ्या ठकूबाईंचा. त्या चहा पिऊन स्वतः विसळून तो पालथा घालून ठेवायच्या आणि आमच्यापैकी कुणी त्याला हात लावत नसे. मला कुणी सांगितलं नव्हतं लावू नको म्हणून. मी नळ सोडून तशीच उभी राहिले, पाणी फुकट चाललं होतं, आणि मला तुझा चेहरा आठवत होता.

जानेवारीत मी गॅरेथकडे गेले आणि म्हटलं, मला परत तिच्याकडेच जायचं आहे. तो म्हणाला, तिने नको म्हटलंय, नियम आहे, दुसरं घर देतो. मग तू मधे पडलीस. म्हणालीस, सुधा फेलोशिपतर्फे येणार नाही, ती माझी पाहुणी म्हणून येईल. पाहुणीबद्दल नियमात काही नव्हतं. गॅरेथने सगळी वही चाळून बघितली.

मिसेस पार्किनने दार उघडलं, तुला 'आत ये' म्हटलं, माझ्याकडे बघून नुसती बाजूला झाली. मी कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसले. हाताला काम नव्हतं. हातांनी काय करायचं तेच कळेना. तिने तुला चहा विचारला. मला विचारला नाही. बरोबरच होतं, किती वेळा विचारायचं माणसाने?

बटणांचा आवाज होत होता. तू मान वर केली नाहीस. मदत करशील म्हणून मी दोनदा खाकरले. तू शिंपल्याचं एक बटण उजेडाला धरून बघत बसलीस, दुष्ट बाई.

दुसऱ्याच्या घरी जाऊन तोंडाने चहा मागायचा. बेचाळीस वर्षांत मी ते केलं नव्हतं. माहेरी ऐकलं असतं तर त्यांनी माझं नाव टाकलं असतं. मी म्हटलं,

"मिसेस पार्किन, मला एक कप चहा मिळेल का, प्लीज?"

तिने हातातलं बटण डब्यात टाकलं. मग उठून आत गेली. मी सोनेरी काठाच्या कपाची वाट बघत होते, आता त्याचं कौतुक कसं करायचं ते इंग्रजीत जुळवत होते. ती आली ती निळ्या पट्ट्यांचा जाड मग घेऊन. कडेला टवका उडालेला.

माझ्या डोक्यात एकदम पडवीतली फळी आली. फुटका कप. मला. मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू, सगळी टर्म तोंड न उघडणारी, मराठीत पुटपुटलीस, "तो तिच्या नवऱ्याचा आहे. पी."

मी प्यायले. कुमुद, इतका वाईट चहा मी त्याआधी आणि त्यानंतर प्यायलेली नाही. दूध आधी, पत्ती नावाला, साखर नाही. मी सगळा प्यायले आणि दुसरा मागितला. मिसेस पार्किन म्हणाली, मीठ कुठे ठेवलंयस ते आधी सांग. मग ती हसायला लागली, तिच्या दाताची कवळी हलेपर्यंत, आणि तिघीही हसत सुटलो. त्या दिवशी मी काहीही घासलं नाही. मार्चमध्ये गॅरेथने मला बिल्ला दिला. तिने काय म्हटलं ते त्याने तसंच सांगितलं: तिला सांग, कोट काढून बसत जा.

तो बिल्ला मी इतके दिवस इतका मिरवला की नात आता विचारते, आजी, तू पोलीस होतीस का? हो म्हणून सांगितलंय.

मिसेस पार्किन त्यानंतर चार वर्षं होती. डिप्लोमा संपला, फेलोशिप संपली, तरी आपले बुधवार चालू राहिले. ती गेल्यावर तिच्या भाचीने आपल्याला एकेक वस्तू घ्यायला सांगितलं. मी बटणांचा डबा घेतला. तू तो मग. मला वाटलं होतं तू सोनेरी काठाचा कप घेशील.

मधल्या एका उन्हाळ्यात तू मला लंडनला नेलंस. मला ऑक्सफर्ड स्ट्रीट हवा होता. तू मला कॅमडेनमध्ये किंग हेन्रीज रोडवर एका साध्या घरासमोर उभं केलंस. तुझ्या हॉलमधल्या तसबिरीतले, निळ्या सुटातले, विद्यार्थी असताना इथे राहिले होते. पाटी नव्हती तेव्हा काही. तू फुटपाथवर उभी राहून बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघितलंस, आणि मी पहिल्यांदाच 'चला आता' म्हटलं नाही. मग भिंतीला टेकून आपण थर्मासमधला चहा प्यायलो. थर्मासला झाकण एकच होतं. आधी तू, मग मी. तू झाकण पुसायला रुमाल काढलास आणि मी ते तुझ्या हातातून तसंच घेतलं. परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरलीस, म्हणजे मी ते चांगलं लक्षण धरलं.

एक गोष्ट मात्र तू कधी सोडली नाहीस. त्या जानेवारीपासून तुझ्या घरी तू मला चहा नेहमी एकदाच विचारलास. इतर बायका आल्या की तू नागपुरी आग्रहाने त्यांचा जीव नकोसा करायचीस. मला फक्त 'चहा?' आणि मी तुझा शब्द पुरा व्हायच्या आत 'हो'. तुझे मिस्टर गेले, रूपाला बेसिंगस्टोकला कंप्यूटरमधली नोकरी लागली, तू तिच्याकडे गेलीस, तरी तेच. मला वाटायचं, ही शिक्षा आहे आणि ती मला मान्य आहे.

गेल्या हिवाळ्यात तू आजारी पडलीस तेव्हा मी दर बुधवारी गाडीने यायला लागले. तू म्हणालीस, "फेलोशिपतर्फे आली का?" मी बिल्ला लावूनच आले होते.

शेवटच्या बुधवारी तू खुर्चीत शालीत गुंडाळलेली होतीस, अर्धी झालेली. रूपा ऑफिसला. मी त्या दिवशी न्यू स्ट्रीट स्टेशनपासून सगळा रस्ता एक वाक्य पाठ करत आले होते. तू विचारलंस, "चहा?" आणि उठायला लागलीस. मी म्हटलं, "नको." ते खरंच 'नको' होतं. तुला उभं राहवत नव्हतं.

तू दाराची चौकट धरलीस आणि म्हणालीस, "घे नं थोडा."

"नको गं कुमुद. बस तू."

तू वळलीस. तुझ्या त्या वाळलेल्या चेहऱ्यावर असं बेरकी हसू आलं की मी बघतच राहिले.

"अर्धा कप तरी?"

तीन झाले. सतरा वर्षांनी. मी मान वाकडी केली आणि म्हटलं, "बरं. अर्धा."

तुला वीस मिनिटं लागली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, दोनदा. मी उठले नाही. आयुष्यात एवढं कष्टाचं काम मी कुठल्याच बुधवारी केलं नव्हतं. तू निळा मग घेऊन आलीस, काठोकाठ भरलेला. मी माझं वाक्य सुरू केलं, "कुमुद, मला एक सांगायचं आहे," आणि तू म्हणालीस, "पी. गार होईल."

मी प्यायले. सांगायचं राहिलं. म्हणून आता सांगते.

कॉलेजच्या तीन वर्षं आधी, मंडळाच्या वर्गणीसाठी मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले होते. तू चहा विचारलास आणि मी म्हटलं, नको, आत्ताच घेऊन आले. खोटं. दोन बस बदलून आले होते, घसा कोरडा होता. बसस्टॉपवर मी म्हटलं, कप आठवत नाही. तेही खोटं. पांढरा होता, गुलाबी कळ्यांचा, बशीत चमचा आडवा ठेवलेला. तुझ्या हातात होता. मागे भिंतीवर ती तसबीर होती, आणि मी आधी ती बघितली होती.

सगळ्यांसारखीच मीही रीतीने नको म्हटलं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावलं. पण रीत असती तर मी तू दुसऱ्यांदा विचारेपर्यंत बसून राहिले असते. मी पर्स घेऊन उठून उभी राहिले होते, कुमुद. दुसऱ्यांदा विचारायला मी तुला वेळच दिला नव्हता.

तो वेळ तू शेवटच्या बुधवारी काढलास. चौकटीला धरून.

तुझी,
सुधा